ज्यात बाळ दगावत नाही असं पुस्तक

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जिने चढायची सवय असते, कारण त्याला बोलावतात तेव्हा लिफ्ट बंदच असते. तरीही रंगाच्या दुकानावरच्या त्या खोलीचा एकच जिना चढताना त्याला धाप लागली. वर वाचकमंडळ भरलं होतं. शनिवारची दुपार, गोल मांडलेल्या खुर्च्या, दाराशी चपला-बुटांचा ढीग. त्याने बूट काढले, तेव्हा मोज्याला पडलेलं भोक त्याच्या लक्षात आलं. एक पाय दुसऱ्या पायामागे लपवून तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"कुणाकडे आलात?" चष्मा डोक्यावर सारलेल्या एका बाईंनी विचारलं.

"पुस्तक पाहिजे होतं," तो म्हणाला. "जाडं."

सगळे हसले, पण ते घरच्या माणसाला हसावं तसे. त्याला जरा धीर आला. रस्ताभर पाठ करत आणलेलं त्याने एका दमात म्हणून टाकलं. "बायकोसाठी पाहिजे. तिला राजवाडा लागतो. कटकारस्थान लागतं. जादू असली तरी चालते, नसली तरी चालते. आणि त्या दोघांचं जमायला निदान अर्धं पुस्तक तरी गेलं पाहिजे. लवकर जमलं की ती चिडते."

"अहो, मग या की आत!" त्या बाई उठूनच उभ्या राहिल्या. "तुमची बायको आमच्यातलीच दिसते."

मग एकच गलका झाला. प्रत्येकाला आपलंच पुस्तक पुढे करायचं होतं. बेकरी चालवणारा एक गोलमटोल माणूस म्हणाला, राजकारण पाहिजे तर अमुकच. भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर म्हणाले, ज्या पुस्तकात पहिल्याच पानावर नकाशा नाही त्याला हात लावू नका. त्या चष्मेवाल्या बाई पोस्टात काउंटरवर असत आणि सगळे त्यांना पोस्टातल्या मावशी म्हणत. त्यांनी बाकीच्यांना हातानेच गप्प केलं, पिशवीतून तीन जाडजूड खंड काढले आणि त्याच्या हातात ठेवले. 'घंटेखालचा राजपुत्र'. "माझे स्वतःचे आहेत," त्या म्हणाल्या. "जपून वापरा. आणि सेनापतीवर विश्वास ठेवू नका म्हणावं."

बायको कुठे आहे, काय करते, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. अनोळखी माणसांपुढे घरचं काय उघडं करायचं, असं त्याला वाटलं.

बायको इस्पितळात होती. सहावा महिना सरत आला होता. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला होता आणि पलंगाचा पायथा लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवला होता, म्हणजे डोकं खाली, पाय वर. डाव्या कुशीवर पडून राहायचं, उठायचं नाही, बसायचं नाही, सगळं पलंगावरच. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "औषधं मी देते, पण खरं औषध म्हणजे पडून राहणं. तेवढं तुम्ही सांभाळा."

आणि तेच अवघड होतं. बायको शाळांच्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंगला होती. कापडाच्या थप्पीवर यंत्राचं पातं फिरवत दिवस दिवस उभी राहणारी बाई. घरी आली तरी हात चालूच. तिला स्वस्थ बसलेलं त्याने दोनदाच पाहिलं होतं, जेवताना आणि वाचताना. जेवताना थोडा वेळ, वाचताना तासन्‌तास. याआधी दोन वेळा त्यांचं मूल पोटातच गेलं होतं. एकदा चौथ्या महिन्यात, एकदा पाचव्या. या वेळी तिने स्वतःच सांगितलं होतं, "मला पुस्तकं आणून द्या. पुस्तक हातात असलं की मी हलत नाही. नुसती पडले तर माझं डोकं मला उठवील." सोबत नेलेले 'पाणथळीचं राज्य'चे पाच खंड तिने बघता बघता फस्त केले आणि तो रंगाच्या दुकानाचा जिना चढला.

'घंटेखालचा राजपुत्र' तिने अधाशासारखं वाचायला घेतलं. उशीला टेकवून पुस्तक उभं करायचं, एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताने पान उलटायचं. भेटीच्या वेळेला तो गेला की ती दुखण्याचं काही सांगायचीच नाही. "अहो, तो सेनापती पक्का लबाड आहे बरं का. मला पहिल्यापासूनच वास आला होता." नाहीतर म्हणायची, "आज राणीने त्याचं पत्र फाडलं. बरं केलं. असंच पाहिजे होतं मेल्याला." तो मान डोलवायचा. कोण राणी, कोण सेनापती, त्याला काही पत्ता नव्हता. पण ती हलत नव्हती, पोटातलं बाळ लाथा मारत होतं, आणि त्याला त्या राणीचे पाय धरावेसे वाटत होते.

मग तो दिवस आला. एका इमारतीत लिफ्टच्या डब्याच्या टपावर बसून तो दोरांना वंगण लावत होता. वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "ताबडतोब या," एवढंच ती म्हणाली.

तो पोचला तेव्हा पलंगाभोवती पडदा होता आणि आत धावपळ चालली होती. बायको उठली होती. सलाईनची सुई ओढून काढून, अनवाणी, व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली होती आणि तिथे भिंतीला टेकून खाली बसली होती. कळा सुरू झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या त्याच्यावर कडाडल्याच. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला? आता थांबल्या कळा तर थांबल्या!"

तो पडद्याबाहेर बाकावर बसला. त्याच्या हाताला वंगण होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. आतून तिचा आवाज येत नव्हता आणि ते जास्त वाईट होतं. पलंगाखाली तिसरा खंड उपडा पडला होता.

संध्याकाळी कळा थांबल्या. टाका टिकला होता. त्याला आत सोडलं तेव्हा ती छताकडे बघत होती.

"राणी गेली," ती म्हणाली. "बाळंतपणात. बाळही गेलं."

त्याला क्षणभर कळलंच नाही कुठली राणी. कळलं तेव्हा त्याचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तीन खंड काखोटीला मारून पोस्टात शिरला. रांग मोडून पुढे गेला आणि त्याने ते धाडकन काउंटरवर आपटले. रांगेतली माणसं दचकली.

"हे घ्या तुमचं," तो म्हणाला. "कसलं पुस्तक दिलंत हो तुम्ही? माझी बायको पोटुशी आहे. इस्पितळात उलटी टांगल्यासारखी पडलीय ती, दोन वेळा आमचं... आणि तुम्ही तिला बाळंतपणात मेलेल्या बाईची गोष्ट देता? काल सगळं गेलं असतं. सगळं!"

पोस्टातल्या मावशींनी शेजारच्या माणसाला खूण केली, खिडकी बंद केली आणि त्या काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाळ?" त्यांनी विचारलं.

"आहे. अजून आहे."

"बसा इथे."

तो बसला. त्या त्याच्या शेजारी, पार्सलांच्या पोत्यावरच बसल्या. "मी ते पुस्तक किती वेळा वाचलंय याचा हिशेब नाही," त्या हळू म्हणाल्या. "आणि तुम्हाला खरं सांगते, राणी बाळंतपणात मरते हे मला आठवलंच नाही. दोनच ओळी आहेत हो त्या. मी त्यांच्यावरून दर वेळी पुढे जात आले." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

तो काउंटरवरच्या खंडांकडे बघू लागला. राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली.

"ती आता काय वाचतेय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. छताकडे बघते. मघाशी म्हणत होती, नुसते पाय खाली सोडून बसू का, एकच मिनिट. ती उठणार हो मावशी. आज ना उद्या उठणार. मी काम सोडून बसलो तरी चोवीस तास तिला धरून ठेवू शकत नाही."

त्याच संध्याकाळी बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांमध्ये मंडळ भरलं. मावशींनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, "राजवाडा पाहिजे, कट पाहिजे, प्रेम पाहिजे. पण बाळ दगावता कामा नये आणि बाळंतीणही. बोला."

त्या दिवशी एकमेकांच्या तोंडातला शब्द ओढून घेणारी माणसं आज डोळे मिटून मनातल्या मनात पानं उलटत होती.

"'सात बुरुजांचा करार'?" भूगोलाच्या मास्तरांनी सुरुवात केली.

"धाकट्या राजपुत्राला उशीने दाबतात," बेकरीवाला म्हणाला.

"अरे हो की."

"'वाळूची वारसदार'?"

"मास्तर, वारसदार ती कशी झाली? तिच्या आधीचे तिघे कुठे गेले?"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. आणखी पाचसहा नावं निघाली आणि निघाली तशी बाद झाली. एकात जुळी अदलाबदल होऊन मरत होती, एकात सुईणच विष देत होती. राजवाडा म्हटलं की वारस आला, वारस आला की कुणीतरी त्याच्या जिवावर उठलंच. इतकी वर्षं ज्या पुस्तकांवर जीव टाकला त्यांत एवढी बाळं मेली होती, आणि ते आपण चहाबरोबर वाचत आलो, हे जणू त्यांना आजच दिसत होतं. लिफ्टवाला प्रत्येक नावाला मान वर करायचा आणि पुन्हा खाली घालायचा.

शेवटी बेकरीवाला म्हणाला, "'दुभाषीण' आहे. चार खंड. नायिका राजघराण्यातली नाहीच. दोन शत्रूराजांच्या मध्ये उभी राहून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं हे तिचं काम. एका बाजूच्या हेरावर तिचा जीव जडतो. एके दिवशी ती एक शब्द मुद्दाम चुकीचा सांगते आणि लढाई टळते. मग दोन्हीकडचे तिच्या मागे लागतात."

"त्यात मूल?"

"मला आठवत तरी नाही." मग तो चाचरला. "पण वाचून बरीच वर्षं झाली. शपथेवर नाही सांगू शकत."

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. आठवणीवर विसंबायची सोय आता राहिली नव्हती.

"मग वाचायचं," मावशी म्हणाल्या. "एकेकाने एकेक खंड. ओळ न् ओळ. पहिला मास्तरांना, तिसरा बेकरीला, चौथा मी घेते. दुसरा..."

"दुसरा मी घेतो," लिफ्टवाला म्हणाला.

"तुम्ही?"

"हळू वाचीन. पण एक ओळ सोडणार नाही."

आणि तो वाचायला बसला. इमारतींच्या माथ्यावर जी मोटरची खोली असते तिथे, अवजारांच्या पेटीवर बसून, ओळीखाली बोट धरून. शेजारी मोटर घरघरत होती, दोर सरकत होते, खाली माणसं वर-खाली जात होती. सुरुवातीला एकेक पान म्हणजे एकेक डोंगर. पण तिसऱ्या प्रकरणात त्या दुभाषिणीला तळघरात कोंडलं आणि तो हेर दारापलीकडे येऊन नुसता उभा राहिला, तेव्हा कुठल्या तरी मजल्यावरून धोक्याची घंटा कोकलत होती आणि याला ऐकूच आली नाही.

मास्तरांचा निरोप आला, पहिला खंड साफ आहे. तो लगेच बायकोला नेऊन दिला. तिने तो हातात घेतला, पण उघडायच्या आधी त्याच्याकडे पाहिलं. "यात कुणी मरत नाही ना?"

"मरतात. पण शिपाई वगैरे."

ती किंचित हसली आणि वाचू लागली. त्याला तेवढ्याने घाम फुटला, कारण ती घोड्याच्या वेगाने वाचायची आणि तो बैलगाडीच्या. तिसरा साफ निघाला. मावशींनी चौथ्यासाठी रजा काढली, तोही साफ निघाला. तिचा पहिला खंड संपत आला, याच्या दुसऱ्या खंडाची शेवटची शंभर पानं राहिली होती, आणि तेव्हा त्याला ते सापडलं.

दुभाषीण पळून जात असताना एका नावाड्याच्या झोपडीत आसरा घेते. नावाड्याची बायको नुकतीच बाळंत झालेली असते. बाळ मेलेलंच जन्मलेलं असतं. एक अख्खं प्रकरण. पहिलं पान वाचून त्याने पुस्तक मिटलं. पुढे वाचायचा धीरच होईना. दुसरं पुस्तक शोधायला वेळ नव्हता, आणि हा खंड दिला नाही तर ती मधेच लटकणार, उठणार. तो बराच वेळ मोटरकडे बघत बसला. मग त्याने खिशातून तारांना गुंडाळायची काळी टेप काढली आणि त्या प्रकरणाची सगळी पानं तिन्ही कडांनी चिकटवून टाकली. पुढची उरलेली पानं वाचून काढली. ती ठीक होती.

दोन दिवसांनी तो भेटीला गेला, तर पुस्तक तिच्या छातीवर मिटलेलं आणि ती त्याचीच वाट बघत होती.

"अहो, ही टेप कसली?"

"छपाई खराब होती तिथे."

"काळ्या टेपने छपाई दुरुस्त करतात?"

त्याने टेपची कड अंगठ्याने दाबून बसवली.

"तुम्ही वाचलंत हे?" तिने विचारलं. "तुम्ही? अख्खं?"

"तेवढं सोडून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला कळेना. मग ती म्हणाली, "काय आहे त्यात ते मला टेप बघूनच कळलं. आता हे बंद प्रकरण माझ्या डोक्यात उघडंच राहणार. जे छापलंय त्याच्यापेक्षा भयंकर मी रचत बसणार. तुम्हाला वाटलं कसं, की मी टेपवरून उडी मारून पुढे जाईन?"

"मागच्या वेळी ती राणी मेली आणि तू उठलीस. मी काय करायचं होतं?"

"राणी मेली म्हणून नाही उठले मी."

"मग?"

"पान उलटलं तर पुढे शिकार." तिने पुस्तक छातीवरून बाजूला सारलं. "थंडी पडलीय, कुत्री भुंकतायत, राजा घोड्यावर बसलाय. तिचं नाव कुणी घेत नाही. त्या बाळाचं तर नाहीच. अख्ख्या राजवाड्यात एक माणूस नाही जो म्हणेल, होती बाई ती. मला वाटलं, हे तर आपल्याच घरातलं आहे. दोन्ही वेळा मी इस्पितळातून घरी आले, आणि तुम्ही मला काय विचारलंत, आठवतंय? चहा घेतेस का."

त्याला आठवत होतं.

"मला दुसरं काही येत नव्हतं," तो म्हणाला.

"आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलात."

"गेलो. पण काम नाही केलं." तो खाली बघत बोलू लागला. "त्या दिवशी मी डब्याच्या टपावर चढलो, दोन मजल्यांच्या मधे थांबवला, आणि अंधारात बसून राहिलो. खालून लोक बटणं दाबत होते, दारं बडवत होते. मला शिव्या ऐकू येत होत्या. मी उतरलोच नाही. शेवटी मालकाने दुसरा माणूस पाठवला आणि मला खाली काढलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू चहा घेतला होतास. मला वाटलं, तुला बरं वाटतंय."

ती हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. तो घाबरून उठला. "रडू नकोस, अगं, कळा येतील. सिस्टर!"

"कुणाला बोलावू नका. येऊ देत नाही मी कळा." तिने त्याचं मनगट धरलं होतं, चांगलं घट्ट. "पहिल्याचं नाव मी ठरवलं होतं. दुसऱ्याचं भीतीने ठरवलंच नाही." त्याने कान तिच्या तोंडाशी नेला. तिने सांगितलं. ते नाव त्याने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

जरा वेळाने ती म्हणाली, "काढा ती टेप. आणि तुम्ही वाचा. मी ऐकते."

टेप काढताना कडेची अक्षरं टेपबरोबर निघून आली. ओळींची टोकं गेली होती, ती अंदाजाने लावत, शाळेतल्या पोरासारखा अडखळत तो वाचू लागला. दुभाषिणीला सात भाषा येतात, पण नावाड्याच्या बायकोची त्यांतली एकही नाही. बाई एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असते. दुभाषीण आधी विचारते, खुणा करते, पाणी देते, पांघरूण देते. यातलं काही नको असतं. मग तिच्या ध्यानात येतं की हे बाळाचं नाव आहे. तेव्हा ती बाईच्या शेजारी बसते आणि तिच्याबरोबर ते नाव म्हणत राहते. मागावर आलेले घोडेस्वार नदीच्या पलीकडे दिसू लागतात, तरी उठत नाही.

इथे त्याला पुढची ओळ दिसेना. त्याने बाहीने डोळे पुसले. बायको डाव्या कुशीवर होती, हलली नव्हती.

"पुढे काय झालं हो?" शेजारच्या पलंगावरून आवाज आला. तिथली बाई इतका वेळ पाठ फिरवून पडली होती, ती आता इकडे वळली होती. तिच्या पलीकडचीही कोपरावर उठली होती. "पकडलं का तिला?"

"कुणी उठू नका!" बायको ओरडली. "पडून ऐका."

त्या दिवसापासून रोज भेटीच्या वेळेला तो वाचायचा. बायको मधे मधे टोकायची, "सावकाश. ही लढाई आहे, गाडी गाठायची नाहीये." हेर खरा की खोटा यावरून वॉर्डात दोन तट पडले. डॉक्टरीणबाईंनी एकदा दारातून ऐकलं आणि काही न बोलता पुढे गेल्या.

चौथा खंड निम्मा झाला होता तेव्हा बायकोच्या अंगावरून पाणी गेलं. डॉक्टरीणबाईंना हवं होतं त्याच्या बरंच आधी, आणि बायकोला भीती वाटत होती त्याच्या बरंच नंतर. मुलगी झाली. रडली, पण मांजरीच्या पिल्लासारखी. तिला त्याच्या हातात कुणी दिलंच नाही. कुठल्याशा कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्यासमोरून धावत नेलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांत वाईट. पेटीत ती नळ्यांमध्ये हरवल्यासारखी दिसायची. मधेच तिचा श्वास थांबायचा, यंत्र कोकलायचं, सिस्टर येऊन तिच्या तळपायाला टिचकी मारायची, की पुन्हा छाती हलायची. त्याने जन्मभर बंद पडलेल्या गोष्टी चालू केल्या होत्या. घंटा वाजली की काय तुटलंय ते त्याला आवाजावरून कळायचं. इथे घंटा वाजायची आणि त्याला फक्त उभं राहता यायचं. "टिकेल का?" असं त्याने डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आज आहे. उद्याचं उद्या सांगतो."

बायको वॉर्डात होती. आता उठायची मुभा होती, तर ती उठेना. ठोकळे काढलेल्या सपाट पलंगावर डाव्या कुशीवरच पडून राहायची. चौथा खंड स्टुलावर होता. त्याने एकदा उघडला, तर म्हणाली, "नको. माझ्या डोक्यात शिरत नाही. कोण कुठली दुभाषीण." दूध काढून पाठवायचं, पुन्हा भिंतीकडे तोंड करायचं. मुलीला बघायला ती एकदाही गेली नव्हती. "मी बघितलं आणि मग गेली तर?" एवढंच म्हणाली. त्यालाही तोच विचार पोखरत होता, मग समजूत कुठल्या तोंडाने घालणार?

एके दुपारी पोस्टातल्या मावशी आल्या. पुस्तकाची पिशवी नव्हती. त्या पलंगाजवळच्या स्टुलावर, चौथा खंड मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मीच ती. घंटेखालचा राजपुत्रवाली."

बायकोने मान वळवली नाही.

"मी काही आणलं नाही," मावशी म्हणाल्या. "माझ्या सुचवण्याचं काय होतं ते आपण पाहिलं. मी फक्त सांगायला आले, की मी ते पुस्तक पुन्हा वाचलं. त्या दोन ओळींपाशी थांबले. तुमच्यामुळे. आणि मला तो राजा आता आवडेनासा झालाय."

मावशी मांडीवरच्या खंडाची पानं नीट करत राहिल्या. लिफ्टवाल्याला वाटलं, आता या उठतील.

"आता?" बायको भिंतीकडे बघतच म्हणाली. "आत्ता कळलं तुम्हाला? तो पहिल्या खंडापासून तसाच आहे."

"नाही हं. पहिल्या खंडात तो तिच्यासाठी घंटा फोडतो."

"स्वतःच्या नावासाठी फोडतो! सगळं शहर बघत असताना फोडतो." बायको कुशीवरून पाठीवर आली. "एकटं असताना तिच्यासाठी काय केलं ते सांगा."

"पत्रं लिहिली की."

"सेनापतीने लिहून दिलेली!"

"ते सिद्ध झालेलं नाही कुठे."

"अहो मावशी, दुसऱ्या खंडात सेनापतीच्या हाताला शाई लागलेली असते, ती काय उगीच? तुम्ही इतक्या वेळा वाचलंत आणि काय वाचलंत हो?" ती उठून बसली होती. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि आवाज कारखान्यात यंत्राच्या घरघरीवर चढवावा लागतो तसा. लिफ्टवाला भिंतीशी उभा होता. 

एवढ्यात बाळांच्या विभागातली सिस्टर दाराशी आली. "पेटीवाल्या मुलीची आई कोण? आज तिने नळीशिवाय, चमच्याने दूध घेतलं. थोडंच, पण गिळलं. छातीशी धरायला बोलावलंय आईला."

बायकोचं तोंड उघडंच राहिलं. ती त्याच्याकडे बघू लागली.

मुलीला घरी न्यायला पुढे बराच काळ गेला आणि मधे दोनतीन दिवस असे आले की त्यांची आठवणही नको. पण ती घरी आली, एवढं सांगून टाकलेलं बरं. त्या दुपारी मात्र ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"येतेस?" त्याने विचारलं.

तिने पाय खाली सोडले. जमिनीला टेकले. त्याने चाकांची खुर्ची आणली, तिला बसवलं आणि ढकलायला लागला. मावशी खुर्चीबरोबर झपझप चालत होत्या.

"शाई कुणाच्याही हाताला लागते," त्या म्हणत होत्या.

"डाव्या हाताला, मावशी. सेनापती डावखुरा आहे," बायको म्हणाली. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर इतके आवळलेले होते की बोटं पांढरी पडली होती. "अहो, जरा सावकाश. नको, नको, लवकर चला."